निरीक्षकाची हद्द : सातारा आणि सांगलीतील कामगार-तपासणीचा इतिहास

कामगार कायद्यांचा इतिहास लिहिताना कायदा कोणत्या साली झाला, त्यात कामाचे तास किती ठरले आणि तो मंजूर व्हावा म्हणून कोणी चळवळ केली, यांची नोंद सहसा सविस्तर होते. मात्र तो कायदा कारखान्यात, दुकानात किंवा बाजारपेठेत पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी सरकारने किती माणसे नेमली, ती कोठे बसत होती आणि कोणत्या उंबरठ्यापर्यंत जाण्याची मुभा त्यांना होती, हा प्रश्न बहुधा तळटीपेत ढकलला जातो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या बाबतीत तोच मुख्य प्रश्न ठरतो, कारण येथील श्रमिकांचा मोठा भाग कायद्यावाचून राहिला तो कायदाच नव्हता म्हणून नव्हे, तर प्रत्येक कायद्याने आपली एक हद्द आखली आणि ती हद्द या श्रमिकांच्या अलीकडेच संपली म्हणून.

येथे तपासणी या शब्दाने अभिप्रेत असलेले काम नेमके आहे. कायद्याने नेमलेला अधिकारी पूर्वसूचना न देता कामाच्या जागी जातो, हजेरीपट म्हणजे मस्टर आणि वेतनपत्रक तपासतो, यंत्रांना संरक्षक जाळ्या आहेत की नाहीत, पाण्याची आणि शौचालयांची सोय आहे की नाही हे पाहतो, कामगारांशी मालकाच्या गैरहजेरीत बोलतो, दोष आढळल्यास शेरा लिहितो आणि शेऱ्याचा उपयोग झाला नाही तर न्यायालयात फिर्याद दाखल करतो. यातली शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची असते, कारण फिर्याद होऊ शकते याची मालकाला खात्री असेल तरच आधीच्या शेऱ्यांना वजन येते.

ब्रिटिश हिंदुस्थानातील पहिला कारखाने कायदा १८८१ साली झाला. मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा जाणवू लागलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा आग्रह, इंग्लंडमधील सुधारकांचा दबाव आणि १८७५ साली मुंबईत नेमलेल्या चौकशी मंडळाचे काम यांतून तो आकाराला आला. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि १०० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता; वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखाने त्यातून वगळले होते; सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास त्याने मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ कामगारांच्या तासांविषयी त्यात एक शब्दही नव्हता. जेथे स्वतंत्र निरीक्षक नेमला गेला नव्हता तेथे जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर, हाच पदसिद्ध निरीक्षक समजला जाई. शंभर माणसांचा यंत्रावर चालणारा कारखाना ही त्या काळच्या सातारा जिल्ह्यात दुर्मीळ गोष्ट असल्याने हा कायदा जिल्ह्याला जवळजवळ स्पर्श न करता गेला, असे म्हणता येईल.

तरीही सातारकर माणसाची या कायद्याशी ओळख लवकर झाली, ती मुंबईत. रत्नागिरी आणि पुण्याबरोबर सातारा जिल्हा हा मुंबईच्या गिरण्यांना मनुष्यबळ पुरवणारा एक प्रमुख प्रदेश होता, आणि माण-खटावच्या अवर्षणातून किंवा पाटण-जावळीच्या तुटपुंज्या डोंगरउतारावरच्या शेतीतून उठून गिरणगावात गेलेल्या माणसाने गिरणीचा भोंगा आणि ‘फॅक्टरी इन्स्पेक्टर’ हे दोन्ही तेथेच प्रथम पाहिले. त्या इन्स्पेक्टरचे बळ किती, हे तेव्हाही वादाचे होते. १८८२ साली इंग्लंडच्या कारखाना खात्यातील मीड किंग या अधिकाऱ्याला मुंबईत पाठवण्यात आले आणि अस्तित्वात असलेली व्यवस्था अपुरी असल्याचे त्याच्या अहवालातून पुढे आले. त्याच खात्यातून नंतर आलेल्या जोन्स या निरीक्षकाने गिरण्यांतील दीर्घ कामाविषयी केलेली विधाने इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा येथील मालकवर्ग अस्वस्थ झाला. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन चौकशी मंडळापुढे ठेवले आणि आठवड्याची सुटी, मधली विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या मांडल्या. १८९१ च्या कायद्याने ५० माणसांची मर्यादा घालून आठवड्याच्या सुटीला कायदेशीर रूप दिले. १९११ च्या कायद्याने हंगामी कारखानेही कक्षेत आणले, १९२२ च्या कायद्याने मर्यादा २० माणसांपर्यंत खाली ओढून आठवड्याला ६० तास ठरवले, आणि १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ५४ तासांची मर्यादा घालताना हंगामी कारखान्यांसाठी मात्र ६० तास कायम ठेवले.

या शेवटच्या भेदाचा सातारा जिल्ह्याशी जवळचा संबंध होता. तासगाव, वाळवा आणि खानापूर हे आज सांगलीत असलेले तालुके त्या वेळी ब्रिटिश सातारा जिल्ह्यातच होते, आणि या सबंध मुलखात यंत्रावर चालणारे जे काही उद्योग उभे राहिले ते शेतमालाच्या मागे धावणारे, म्हणजे सुगीनंतर चार-सहा महिने चालून पुन्हा थंड पडणारे होते. हंगामी कारखाना तपासणे हे बारमाही कारखाना तपासण्याहून अवघड असते. तेथे कामगार दरवर्षी बदलतात, हजेरीपट हंगामाबरोबर गुंडाळला जातो आणि निरीक्षकाची फेरी एकदा चुकली की ती भरून काढण्यास पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते. मुंबई, अहमदाबाद किंवा सोलापूरसारख्या गिरण्यांच्या शहरांवर खात्याची नजर असताना अशा विखुरलेल्या कारखान्यांची देखरेख मुख्यतः महसुली अधिकाऱ्यांच्या पदसिद्ध अधिकारावर सोपवली गेली. ज्याच्यावर जमाबंदी, दुष्काळ, प्लेग आणि कायदा-सुव्यवस्था यांचा भार होता त्या कलेक्टरने कापसाच्या किंवा शेंगांच्या कारखान्यातील पट्ट्यांवर जाळी आहे का, हे पाहावे ही अपेक्षा कागदावर सुसंगत होती, इतकेच तिच्याविषयी म्हणता येते.

मात्र या प्रदेशातील सर्वांत ठळक हद्द माणसांच्या संख्येची नव्हती, राज्यांची होती. सातारा जिल्ह्याच्या नकाशात औंध, फलटण, सांगली, मिरज थोरली, मिरज धाकटी आणि जत अशा संस्थानांचे तुकडे इतके विस्कळीत पसरलेले होते की एका रस्त्याने काही मैल जाताना दोन-तीन राज्ये ओलांडावी लागत. ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळाने केलेला कारखाने कायदा संस्थानांत आपोआप लागू होत नसे. तेथे संस्थानिकाने स्वतः तसा कायदा केला तरच तो असे. आणि या भागातील आधुनिक उद्योगाची सुरुवात नेमकी या संस्थानी तुकड्यांत झाली. बेळगावात नगरपालिकेने जागा सोडायला लावल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपला कारखाना कुंडलजवळच्या माळावर हलवला तो औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जमिनीवर, आणि किर्लोस्करवाडी हे गाव अशा रीतीने औंध संस्थानात वसले. सांगली संस्थानात विसाव्या शतकाच्या आरंभी वेलणकरांची गजानन मिल उभी राहिली, आणि १९३३ साली फलटण संस्थानात साखरवाडीचा साखर कारखाना निघाला.

संस्थानिकांनी उद्योजकांना जमीन, सवलत आणि आपुलकी दिली, आणि त्या आपुलकीचा वाटा कामगारांपर्यंतही पोहोचला. किर्लोस्करवाडीत कामगारांसाठी घरे, शाळा आणि दवाखाना यांची सोय झाली, तिचे कौतुक त्या काळीही झाले आणि ते खोटे नव्हते. पण मालकाच्या चांगुलपणातून मिळालेली सोय आणि सरकारी अधिकाऱ्याने तपासून दिलेला हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत कामगाराला दाद मागण्याचे ठिकाण मालकाच्या दाराव्यतिरिक्त दुसरे उरत नाही. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगाने, म्हणजे हिंदुस्थानातील मजुरांविषयीच्या शाही आयोगाने, निरीक्षणाच्या व्यवस्थेवर बरेच लिहिले. परंतु त्याचे कार्यक्षेत्रच ब्रिटिश हिंदुस्थानापुरते असल्याने कुंडल, सांगली किंवा साखरवाडी येथील कामगारांचा विचार त्याच्या कक्षेबाहेर राहिला. कराडच्या एखाद्या छोट्या कारखान्याला जे नियम लागू होते ते तेथून एका दिवसाच्या बैलगाडीच्या अंतरावरील मोठ्या कारखान्याला लागू नव्हते, हे या काळाचे वैशिष्ट्य होते.

ही स्थिती अवघ्या वर्ष-दीड वर्षात पालटली. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली; १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग होऊन संस्थानी मुलूख त्यांत सामावला गेला, आणि दक्षिण सातारा जिल्ह्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. दरम्यान साताऱ्याच्या सरकारी शाळेत ज्यांचे शिक्षण सुरू झाले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारी दुरुस्ती आणि किमान वेतनाचे विधेयक यांची पायाभरणी त्यांच्या कारकिर्दीत झाली. नवा कारखाने कायदा १९४८ मध्ये मंजूर होऊन १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला. यंत्रशक्ती असेल तर १० आणि नसेल तर २० कामगारांच्या जागेला तो लागू झाला आणि हंगामी-बारमाही हा तासांमधील भेद त्याने मोडीत काढला. पुढच्याच आठवड्यात, ७ एप्रिल १९४९ रोजी, भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा कामगार-तपासणीविषयक करार क्रमांक ८१ मान्य केला. निरीक्षकांची संख्या कामाच्या जागा, कामगार आणि कायद्यांची गुंतागुंत यांच्या मानाने पुरेशी असावी, त्यांना दिवसा-रात्री पूर्वसूचनेशिवाय प्रवेश असावा आणि कायद्याची परिणामकारक अंमलबजावणी होईल इतक्या वेळा व इतक्या बारकाईने तपासणी व्हावी, असे हा करार सांगतो. भारताने तो मान्य करताना व्यापारी आस्थापनांविषयीचा भाग मात्र वगळला, ही बाब पुढे दुकानांच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

संख्येचा प्रश्न केवळ प्रशासनाच्या सोयीचा नाही, तो थेट हक्काचा का आहे, हे १९४८ च्या कायद्यातील एका तरतुदीवरून उमगते. कलम १०५ नुसार या कायद्याखालील गुन्ह्याची दखल न्यायालय घेऊ शकत असे ती निरीक्षकाच्या फिर्यादीवरून किंवा त्याच्या लेखी पूर्वसंमतीनेच, आणि कलम १०६ नुसार गुन्हा निरीक्षकाला कळल्यापासून सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत फिर्याद दाखल व्हावी लागे. याचा अर्थ असा की यंत्राच्या उघड्या पट्ट्याने ज्याची बोटे गेली तो कामगार या कायद्याखाली स्वतः फौजदारी न्यायालयाचे दार ठोठावू शकत नसे. दाराची किल्ली एका अधिकाऱ्याच्या हाती असे, आणि त्या अधिकाऱ्याकडे शेकडो कारखाने असले तर किल्ली फिरण्याची शक्यता तितकीच विरळ होई. किमान वेतन कायद्यात थकलेल्या फरकाचा दावा कामगाराला किंवा त्याच्या संघटनेलाही करता येई, तेथे वाट थोडी रुंद होती. परंतु तेथेही मालकाने वेतनपत्रक ठेवलेच नसेल तर फरक सिद्ध करण्यास निरीक्षकाच्या भेटीच्या नोंदीखेरीज फारसे काही हाती लागत नसे. कलेक्टरला कारखाने निरीक्षकाचा अधिकार १९४८ च्या कायद्यानेही दिलेलाच होता. तो क्वचितच वापरला जाई.

दुकाने आणि व्यापारी आस्थापनांची कथा वेगळ्या वळणाची आहे. मुंबई प्रांताने १९३९ साली दुकाने व आस्थापना कायदा केला तेव्हा अशा प्रकारचा तो देशातील पहिला कायदा होता, पण तो मोजक्या शहरांपुरता होता. १९४८ च्या नव्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढवली आणि अंमलबजावणीचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. दुकान उघडण्याची व बंद करण्याची वेळ, आठवड्यातून एक दिवस बंद, नोकराची रजा आणि भेटपुस्तक, म्हणजे निरीक्षकाने येऊन शेरा लिहावयाची वही, या सर्वांवर देखरेख ठेवणारा निरीक्षक नगरपालिकेचा नोकर झाला. सातारा, कराड, सांगली, मिरज यांसारख्या पेठांच्या गावांत नगरपालिकेचे राजकारण बाजारपेठेभोवती फिरत असे, आणि ज्यांच्या दुकानाची तपासणी करावयाची त्यांचेच सोयरे-धायरे सभागृहात बसलेले असताना निरीक्षकाकडून फिर्यादीची अपेक्षा धरणे हा भाबडेपणा होता. आठवड्याची बंदी बऱ्यापैकी पाळली गेली, कारण ती रस्त्यावरून दिसते आणि शेजारचा दुकानदारच तिच्यावर पहारा ठेवतो. नोकराचा पगार आणि तास रस्त्यावरून दिसत नाहीत. पुढे जिल्ह्यांतील हे काम राज्याच्या कामगार आयुक्तालयाकडे आले आणि दुकाने निरीक्षक सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून काम पाहू लागला. त्याने स्थानिक दडपण सैल झाले खरे, पण एका माणसाच्या वाट्याला येणारी गावे वाढली.

१९५० नंतर या दोन जिल्ह्यांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले. सांगलीत वसंतदादा पाटलांनी उभारलेला शेतकरी सहकारी साखर कारखाना आणि कराड तालुक्यात रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना हे त्यांतले आरंभीचे होत. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर सातारा, मिरज आणि कुपवाड येथे औद्योगिक वसाहती आल्या. साखर कारखान्याच्या आवारात संघटना लवकर झाली आणि वेतन मंडळांचे निर्णय लागू झाले, त्यामुळे तेथील कायम कामगाराला निरीक्षकाची गरज तुलनेने कमी भासली. वसाहतींतील छोट्या शेडमध्ये, विट्याच्या यंत्रमागांवर आणि ओतकामाच्या भट्ट्यांवर ती अधिक होती, आणि तेथेच दहाचा आकडा चुकवण्यासाठी एकाच छताखाली दोन नावांनी नोंदणी करण्याची वा हजेरीपटावर निम्मीच माणसे दाखवण्याची पद्धत रुळली. साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या आपल्या अहवालात तपासणी यंत्रणेच्या अपुरेपणाची दखल घेतली. साधारण १५० कारखान्यांमागे एक निरीक्षक असावा हे प्रमाण त्या काळापासून अधिकृत चर्चांमध्ये वारंवार येत राहिले. ते प्रमाण गाठण्यासाठी पदे निर्माण करण्याची निकड मात्र अर्थसंकल्पात उमटली नाही. उलट वेतन प्रदान, किमान वेतन, प्रसूती लाभ, बोनस, उपदान, कंत्राटी कामगार आणि बालकामगार असे एकामागून एक कायदे त्याच सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर येत गेले, आणि त्याचा दिवस तपासणीपेक्षा तंट्यातील समेटाच्या बैठकांत आणि विवरणपत्रे भरण्यात खर्च होऊ लागला. निरीक्षकावर सोपवलेली इतर कामे त्याच्या मूळ कामाच्या आड येऊ नयेत, असे करार क्रमांक ८१ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे.

कारखान्याच्या भिंतीबाहेरचा श्रमिक कायद्यात कसा येतो, याचे सर्वांत मोलाचे उदाहरण याच मातीतून निघाले. सांगली ही हळदीची मोठी पेठ आहे, आणि जवळच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल खणलेल्या पेवांची, म्हणजे तोंडाशी अरुंद आणि आत रुंद अशा खड्ड्यांची, जुनी परंपरा होती. २००५ च्या महापुरात यांतील अनेक पेवांत पाणी शिरले आणि साठवण गोदामांकडे वळली. पेव उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत थांबावे लागते, घाई केल्यास उतरणाऱ्या हमालाचा जीव गुदमरतो; एवढे धोक्याचे काम असूनही पेव हा कारखाना नव्हता, हमाल कोणा एका मालकाचा नोकर नव्हता, आणि म्हणून कोणत्याही निरीक्षकाच्या यादीत तो नव्हता. हीच स्थिती मुंबईच्या मशीद बंदर आणि धान्यबाजारांत पाठीवर ओझे वाहणाऱ्या माथाडींची होती, ज्यांत सातारा जिल्ह्यातील माणसांचा भरणा मोठा होता. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे या गावचे अण्णासाहेब पाटील यांनी या हमालांना संघटित केले आणि त्या लढ्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

या कायद्याची रचना कारखाने कायद्याहून मुळातच निराळी आहे. सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे त्रिपक्षीय मंडळ स्थापन होते, व्यापारी आणि हमाल दोघांनाही त्याच्याकडे नोंदणी करावी लागते, मजुरी व तिच्यावरची लेव्ही, म्हणजे रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि इतर लाभांसाठीची ठरावीक टक्केवारीची रक्कम, व्यापारी मंडळाकडे भरतो आणि मंडळ ती कामगाराच्या खाती जमा करते. मंडळाला स्वतःचे निरीक्षक नेमण्याचा अधिकारही या कायद्याने दिला. येथे पैसा मंडळाच्या हातून जात असल्याने नियमभंग हिशेबातच उघडा पडतो. निरीक्षकाला मालकाच्या कपाटातील वेतनपत्रकावर विसंबावे लागत नाही. सातारा आणि सांगलीच्या बाजार समित्यांत ही पद्धत पसरताना नोंदणी टाळणे, हमालाऐवजी घरचा नोकर दाखवणे आणि लेव्ही थकवणे हे सर्व प्रकार झाले, आणि माथाडींच्या नावाखाली खंडणी मागण्याच्या तक्रारीही उद्योजकांकडून आल्या. तथापि असंघटित श्रमिकाला निरीक्षणाच्या कक्षेत आणणारी याहून अधिक विचारपूर्वक घडवलेली व्यवस्था महाराष्ट्राने दुसरी निर्माण केलेली नाही.

शेतमजुराच्या वाट्याला असे मंडळ आले नाही. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती आणि रोजगार हमी योजनेचे शिल्पकार म्हणून परिचित आहेत. शेतमजुरांच्या किमान वेतनाचा विचार करण्यासाठी सत्तरच्या दशकाच्या आरंभी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. त्या काळात शेतीतील किमान वेतनाचे दर सुधारले गेले आणि ग्रामीण भागासाठी किमान वेतन निरीक्षकांची पदेही आली. परंतु शेकडो गावांच्या हजारो बांधांवर रोज बदलणारे मजूर तपासण्याचे काम एका तालुक्यात एक-दोन माणसांनी करणे अशक्य होते. प्रत्यक्षात मजुरी वाढवण्याचे काम निरीक्षकापेक्षा रोजगार हमीच्या कामाने अधिक केले, कारण पाझर तलावावर सरकार अमुक दर देते हे कळल्यावर बागायतदाराला त्याहून फार कमी देणे जड जाऊ लागले. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात हे विशेष जाणवले. हक्क मिळवून देण्यास तपासणी हाच एक मार्ग नाही, हेही यावरून मान्य करावे लागते.

आज या दोन जिल्ह्यांत हद्दीचा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने दिसतो तो उसाच्या फडात. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून, तसेच जतसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्या जोडीला हंगामापूर्वी दिलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल, आणि उचल देऊन टोळी बांधणारा तो मुकादम. मुकादमाचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा कारखान्याशी, अशी साखळी असल्याने मजुराचा मालक कोण, हे विचारले की प्रत्येक दुवा पुढच्याकडे बोट दाखवतो. कारखाने निरीक्षकाचा अधिकार गव्हाणीपाशी, म्हणजे ऊस जेथे यंत्रात पडतो तेथे, सुरू होतो. त्याच उसाची तोडणी ज्या फडात पहाटे चारला सुरू झाली तेथे तो जात नाही. तोडणीचा दर टनावर असतो आणि तो साखर संघ व मजूर संघटना यांच्या वाटाघाटींतून ठरतो. त्या टनाच्या हिशेबातून दोन माणसांच्या दिवसाचे किमान वेतन भरते की नाही, हे तपासण्यासाठी लागणारा हजेरीपट कोणी ठेवत नाही. आंतरराज्य स्थलांतरितांसाठीचा १९७९ चा कायदा या मजुरांना उपयोगी पडला नाही, कारण बीडहून सांगलीला येताना राज्याची सीमा ओलांडली जात नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेले ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ ओळखपत्रे, वसतिगृहे आणि साहाय्याच्या योजना पाहते. वेतन तपासून फिर्याद करणारा अधिकारी त्यातून निर्माण झालेला नाही.

गेल्या दशकातील बदलांची दिशा निरीक्षक वाढवण्याची नसून त्याच्या फेऱ्या कमी करण्याची आहे. ‘इन्स्पेक्टर राज’ या शब्दाने उद्योजकांनी मांडलेली तक्रार निराधार नव्हती. भेटपुस्तकातील शेरा मिटवण्यासाठी पाकीट द्यावे लागण्याचा अनुभव अनेक छोट्या कारखानदारांना होता, आणि ज्या खात्यात माणसे थोडी आणि अधिकार मोठे तेथे असे घडण्यास वाव राहतोच. २०१४ साली केंद्राने संगणकाद्वारे यादृच्छिक निवड करून तपासणी करण्याची आणि अहवाल ७२ तासांत संकेतस्थळावर टाकण्याची पद्धत आणली, २०१५ मध्ये महाराष्ट्राने मालकाच्या स्वयंप्रमाणीकरणाची योजना सुरू केली, आणि २०१७ च्या राज्याच्या नव्या दुकाने कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची आस्थापने बहुतेक तरतुदींतून मोकळी करून निरीक्षकाच्या जागी सुविधाकार नेमला. केंद्राच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या असून त्यांत कारखान्याची मर्यादा यंत्रशक्तीसह २० आणि तिच्याविना ४० अशी दुप्पट झाली आहे, आणि पहिल्या नियमभंगावर फिर्यादीआधी दुरुस्तीची संधी देण्याची तरतूद आली आहे. भ्रष्टाचाराला आळा घालण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु तपासणीची जागा आणि वेळ स्वतः ठरवण्याचे निरीक्षकाचे स्वातंत्र्य अशा पद्धतीत उरते का, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञ समितीने भारताला वारंवार विचारला आहे, आणि कुपवाड किंवा साताऱ्याच्या वसाहतीतील पंधरा माणसांच्या शेडला, ज्या आकाराच्या कारखान्यांना १९४९ साली प्रथम कायद्याचे छत्र मिळाले होते, ते छत्र आता कारखाना म्हणून उरलेले नाही, ही वस्तुस्थिती आहे.

शेतीतील कामगार-तपासणीविषयीचा १९६९ चा करार क्रमांक १२९ भारताने अद्याप मान्य केलेला नाही. करार क्रमांक ८१ मात्र मान्य केलेला आहे, आणि त्यानुसार तपासणी सेवेतील कर्मचाऱ्यांची संख्या, तपासणीयोग्य जागा आणि प्रत्यक्ष भेटी यांचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध होणे बंधनकारक आहे. सातारा आणि सांगलीपुरता तरी हा हिशेब, मंजूर आणि भरलेल्या पदांसह, तालुकावार प्रसिद्ध करावा, आणि त्यात उसाच्या फडांसाठी एक स्वतंत्र रकाना ठेवावा, एवढी मागणी या दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात करायला हरकत नसावी.